कडूबाईंचं माळवद

१५ नोव्हेंबर २०१८, गुरुवार

छबुबाईंनी एकदाचा होकार दिला! तसा होकार नाहीच म्हणा — "करा बाई तुमच्या मनासारखं, पर दुधाला ऊन लागू देऊ नका." चेअरमनबाईंचा हाच होकार समजायचा. महिला दूध संस्थेची इमारत मी बांधणार. मी! इतकी वर्षं केजात ऑफिस टाकून बसले, लोकांनी काय दिलं? संडासाचे नकाशे आणि जिन्याखालच्या मोऱ्या. मोठं काम आलं की विचारतात, "मॅडम, साहेब कुठायत?" साहेब शाळेत चित्रकला शिकवतात, बाबांनो. इंजिनिअर मी आहे.

यंदा पावसानं दगा दिला. स्लॅब टाकला की त्याला रोज पाणी पाजा — आणि इथे बायका घागरी मांडून टँकरची वाट बघतायत. बैठकीत सरळ सांगितलं, स्लॅब नाही. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवद. जुन्या सागाच्या तुळया, त्यावर किलच्या म्हणजे लाकडाच्या पातळ चिपा, मग पाला, माती. पाणी न पिणारी इमारत! बायका फिदीफिदी हसल्या. "माळवद तर आमच्या घरावर बी हाय. त्याला इंजिनेर कशाला पायजे?"

मग सगळ्यांना घेऊन कडूबाईंच्या घरी गेले. त्या संस्थेच्या सभासद, गावाबाहेरच्या वस्तीवर राहतात. बाहेर ऊन कडकडीत, आणि आत पाऊल टाकलं तर माठाशेजारी बसल्यासारखं. पाळण्याच्या कडीला निळी चिंधी बांधलेली, तिच्यात माझं डोकं अडकलं तरी मला भान नाही. काय तुळया! थापट्या मारमारून दाखवत होते. "हा साग बघा. किडीनं तोंड लावलेलं नाही. असं लाकूड आता शोधून मिळत नाही. पुण्याची माणसं डोळे झाकून घेतील!" कडूबाई पदर तोंडाला लावून लाजल्या. त्यांचा दीर गहिनीनाथ दारात तंबाखू मळत उभा होता, तोही ऐकत होता.

खूश झाले की मी फार बोलते.

१८ नोव्हेंबर

कडूबाई आणि त्यांचा नवरा सटवा ऊसतोडीला गेले. ट्रॅक्टर भरून अर्धी वस्ती गेली. मागे म्हातारी माणसं आणि कुलपं. जाता जाता कडूबाई ओरडून म्हणाल्या, "ताई, मी पाडव्याला येतेच. तवर संस्था उभी दिसली पायजे!"

९ डिसेंबर

भिंती खिडकीपर्यंत आल्या. दगड बुजलेल्या विहिरीचा. माती आटलेल्या तळ्यातल्या गाळाची. चिखलाला पाणी दुधाचे कॅन धुतलेलं. नवीन थेंब नाही! गवंडी कुरकुरतो, चिखलाला आंबूस वास येतो म्हणतो. येऊ दे.

हे म्हणाले, पर्यावरणपूरक बांधकामाची ती पुण्याची स्पर्धा आहे ना, तिथे पाठव तुझी इमारत. मी म्हटलं, छे, आपल्याला कोण विचारतंय. आणि ते झोपले की अर्ज भरून टाकला.

२३ डिसेंबर, रविवार

मांजरसुंब्याला गेले होते. तिथे धाब्याच्या मागे बिभीषणचा जुन्या लाकडाचा अड्डा आहे. गावोगावची पडकी घरं घेतो, तुळया-खांब-दारं सुटी करून पुण्याला विकतो. मला बघून धावतच आला. "मॅडम, तुमचं नशीब! कालच माल उतरवलाय. आख्खं माळवद हाय, एकाच घरचं."

ताडपत्री बाजूला केली. तुळया काळ्याभोर. काजळी अजून चकाकत होती. पडक्या घरातल्या लाकडावर धूळ असते, वटवाघळाची घाण असते. यावर काल-परवाचा धूर होता. एका तुळईला कडी. कडीला निळी चिंधी.

मी विचारलं, "कुठलं?"

"केजकडलंच," तो म्हणाला. "घरच्या मानसानंच दिलं, मॅडम. चोरीचा माल मी ठेवीत न्हाई."

यावर पुढचा प्रश्न कुठल्या घरचं. जिभेवर आला होता. विचारला नाही. निळी चिंधी काय जगात एकच असते? साडी फाटली की चिंध्या निघतातच. आणि असेल एखाद्यानं घर पाडलं, नवं बांधत असेल. मला काय माहीत!

भाव ठरवून टेम्पोत भरायला सांगितलं. ती चिंधी मात्र मी स्वतः सोडली. सोडून धाब्याच्या उकिरड्यावर टाकली. कशाला टाकली? माहीत नसलेल्या माणसानं कशाला टाकावी?

२४ डिसेंबर

जेवण गेलं नाही. ह्यांना सांगितलं, पित्त झालंय.

६ जानेवारी २०१९

छत चढलं. एक अक्षर खोटं लिहीत नाही — डोळ्यांत पाणी आलं. भिंतीवर तुळया अशा बसल्या की जणू मोजूनच आणल्या होत्या. बायकांनी निरगुडीचा पाला अंथरला, गाणी म्हणत वर माती तुडवली. दुपारी आत सगळ्या पाय पसरून बसल्या. मुक्ताबाई म्हणाल्या, "लई गार वाटतंय गं. उठावंच वाटंना."

मलाच वर बघवत नव्हतं. ज्या कामासाठी इतकी वर्षं जीव टाकला त्याच्याकडे मान वर करून बघता येऊ नये, म्हणजे काय ही दशा!

१५ जानेवारी, संक्रांत

आज फुटलं. संस्थेत हळदीकुंकू होतं. छबुबाई वाणाची ताटं मांडत होत्या. मध्येच थांबल्या, वर बघितलं, स्टुलावर चढल्या आणि तुळईवरून हात फिरवला. मग खाली उतरून मला एका बाजूला घेतलं.

"ही कडूच्या घरची तुळई हाय."

मी म्हटलं, "अहो, सगळ्या तुळया सारख्याच दिसतात."

"तिच्या पोरीचं बारसं मी घातलंय हिच्याखाली. कडीजवळ कोयत्यानं खाच पडलेली हाय. सटव्यानं मारली होती, दारूच्या तारंत. मी तवा तिथंच होते." माझ्याकडे बघत राहिल्या. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. "ताई, तुमी तिच्या घरी ग्यालत्या की. तुमाला कळलं न्हाई?"

मी म्हटलं, "नाही."

म्हटलं! कुंकू लावलेल्या कपाळानं म्हटलं.

१६ जानेवारी

छबुबाईंबरोबर वस्तीवर गेले. नाही म्हणायची सोय नव्हती.

घराला चार भिंती आहेत. वर आभाळ. आणि दाराला कुलूप! छत नाही आणि दाराला कुलूप — किल्ली तिकडे कारखान्यावर कडूबाईंच्या कमरेला. खिडकीतून बघितलं. आत मातीचा ढिगारा, त्यात अर्धी बुजलेली उतरंड. समोरच्या घराच्या अंगणात एक म्हातारी बसली होती. म्हणाली, दोन दिवस पाडीत होते, आमी काय बोलावं, घरातला मामला.

गहिनीनाथ गोठ्यात होता. आमचं येणं त्याला अजिबात जड गेलं नाही. "वडिलांचं घर हाय. अर्धं माझं. जनावरं मरायला लागलीत, कडबा कुठून आणू? दादा आला की वर पत्रं टाकील."

"आन् त्यांचं अर्धं?" छबुबाई ओरडल्या. "तुला कुणी सुचवलं रं हे?"

त्यानं माझ्याकडे बोट केलं. अगदी साधेपणानं. "ह्या मॅडमच म्हणल्या की. असं लाकूड शोधून मिळत न्हाई, पुण्याचे लोक डोळे झाकून घेतील. तवर मला काय ठावं? आमाला ते नुसतं छत हाय असंच वाटायचं."

छबुबाईंनी वळून माझ्याकडे बघितलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ना — तो दांडा मी. आणि गंमत बघा, मी सगळ्यांना सांगत फिरते की बांधकामाचं सामान जवळचं घ्यावं, वाहतुकीचा धूर वाचतो. या वस्तीवरचं लाकूड मांजरसुंब्याला गेलं, तिथून टेम्पोनं परत गावात आलं. वस्तीपासून संस्था हाकेच्या अंतरावर आहे!

परत येताना छबुबाई म्हणाल्या, "कडूला फोन लावू. आन् छत उतरवू."

मी बोलायला लागले. आणि काय बोलले! आता फोन केला तर ती बिचारी तिकडे तोड सोडून कशी येईल, नुसती झुरेल. स्पर्धेची पुण्याची मंडळी मार्चमध्ये इमारत बघायला येणार आहेत, गावाचं नाव होईल, संस्थेला पुढे मदत मिळेल. कडूबाई यायच्या आत आपण त्यांच्या घरावर चांगले नवे पत्रे टाकू. सगळं गोड, सगळं पटण्यासारखं. माझं मलाच पटत होतं.

छबुबाईंनी पायातला काटा काढला. "तुमी शिकलेल्या. तुमचं बरोबर आसंल," म्हणाल्या.

२७ जानेवारी

पत्र्यांची चौकशी केली. पत्रे! ज्या घरात मी सगळ्यांना गारवा दाखवला, त्यावर पत्रे. उन्हाळ्यात आत भाकरी भाजेल तव्याशिवाय. बायकांपुढे मीच पत्र्याला शिव्या घालते.

ऑर्डर दिली नाही. पुढच्या आठवड्यात बघू.

२ फेब्रुवारी

संस्थेत बसलो होतो आणि छबुबाईंचा फोन वाजला. कडूबाई! छबुबाईंना कमी ऐकू येतं म्हणून त्या फोन मोठ्यानं लावतात. सगळं ऐकलं.

"लेक येणार हाय बाळंतपणाला, चैतात. घर जरा उघडून सारवून ठिवा की. किल्ली न्हाई, पर मागची खिडकी ढकलली की उघडती. आन् संस्था झाली का? कसं झालंय छत?"

छबुबाई माझ्याकडे बघत होत्या. मी मान हलवली. नाही, सांगू नका, अशी.

"चांगलं झालंय," छबुबाई म्हणाल्या. "तुझ्या घरावाणीच."

फोन ठेवल्यावर दुधाचं माप घ्यायला उठल्या.

३ फेब्रुवारी

हे विचारत होते, सारखी कसला विचार करतेस. यांना सांगावं असं फार वाटलं. पण हे आधी गप्प बसतील, मग म्हणतील, "मग उतरव की." एवढंच म्हणतील. आणि मग उतरवावंच लागेल. म्हणून नाही सांगितलं. माणूस चांगला असला की त्याच्याजवळ बोलायची चोरी होते.

१० मार्च, रविवार

पुण्याची मंडळी येऊन गेली. एक गृहस्थ, दोन बायका, गळ्यात कॅमेरे. बाहेर उन्हानं जीव नकोसा, आत शिरताच तिघांच्या तोंडून "आहाहा!" त्यांच्यातल्या मोठ्या बाईंनी तुळईला हात लावला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "किती कहाण्या असतील ना या लाकडात!"

गृहस्थांनी विचारलं, "लाकूड कुठलं?"

"जुनं आहे. पडीक घरातलं."

पडीक. माझ्या तोंडून निघाला हा शब्द. ज्या घरात दिवाळीत पणत्या लागल्या होत्या, ज्या घराची किल्ली एक बाई कमरेला लावून परमुलखात ऊस तोडते आहे, ते पडीक. चार बायका कोपऱ्यात बसल्या होत्या. मुक्ताबाईंनी मान खाली घातली. म्हणजे त्यांनाही माहीत आहे! सगळ्यांनाच माहीत आहे. मी एकटीच लपवते आहे असं मला वाटत होतं.

"आणि किती लांबून आणलंत?"

"याच गावचं," मी म्हटलं. दिवसभरातलं तेवढं एक खरं वाक्य, आणि त्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या! त्यासाठी वेगळे गुण असतात म्हणे.

जाताना गृहस्थ कानाशी म्हणाले, निकाल पाडव्यानंतर, पण तुम्ही निर्धास्त राहा. दारावर नाव कोरायला दगड तयार ठेवा. मी हसले. हात जोडले. धरणीमाते, पोटात घे म्हणतात ते काय असतं ते आज कळलं — आणि तरी आतून कुठेतरी उकळ्या फुटत होत्या. तीच जास्त लाज आहे. वाईट वाटतंय ही लाज नाही. बरं वाटतंय, ही.

१४ मार्च

पत्र्याच्या दुकानापर्यंत गेले. उसाचा रस पिऊन परत आले.

२२ मार्च

काही नाही. ऊन.

४ एप्रिल, गुरुवार

ऑफिसात नकाशा काढत होते. दारात चपलांचा आवाज. वर बघितलं तर कडूबाई.

काळ्या पडल्यात. हाताला उसाच्या पाचटीनं चिरे पडलेले. मनात म्हटलं, आता ही चप्पल काढणार. चार लोकांत, एसटी स्टँडसमोर. बरंच होईल. मारा म्हणावं एकदाचं.

त्यांनी चप्पल काढली. दाराबाहेर ठेवली. आत आल्या आणि माझ्या पाया पडल्या!

"ताई, तुमचे लई उपकार झाले."

त्याच बोलत होत्या. काल रात्री आले, घर बघितलं, मटकन खालीच बसले. लेक संग हाय, दिवस भरलेत तिचे. भिंतीला लुगडं बांधून तिला त्याच्याखाली निजवलंय. सटव्यानं कोयता काढला, भावाला तोडतोच म्हणाला. मग छबुबाई धावत आल्या. "त्यांनी सांगितलं समदं. त्या मुडद्यानं माझं छत मांजरसुंब्याच्या शेटला इकलं, पुण्याला निघालं होतं. तुमी वळखलं आन् सोडवून आणलं. मातीनं खाल्लं न्हाई पायजे, पाणी लागलं न्हाई पायजे, म्हणून संस्थेवर चढवून ठिवलं. मी जाऊन बघून आले, ताई. एक किलची हाललेली न्हाई. पोटच्या पोरावाणी जपलंत."

मग पदराच्या गाठीतून गुळाचा खडा काढून माझ्या टेबलावर ठेवला. "कारखान्यावरचा हाय. गोड करा तोंड. आन् कवा बसवून देता? लेकीला उघड्यावर कळा लागू नयेत एवढंच."

मी म्हटलं, "पाडव्याला."

तो खडा अजून टेबलावर आहे. मुंग्या लागल्यात.

५ एप्रिल

सकाळीच छबुबाईंना गाठलं. मी भडकलेच. "असं का सांगितलंत? खोटं!"

"मग काय सांगू?" त्या म्हणाल्या. दूध गाळत होत्या, हात थांबला नाही. "इंजिनेर बाईनं वळखून बी घेतलं, आन् म्या चेअरमन असून अडीच महिने तोंड शिवून बसले? तिची लेक माझ्या हातावर जन्मलेली हाय. तुमची अब्रू राखायला न्हाई सांगितलं, ताई. माझी राखायला. आता तेवढं खरं करा."

उद्घाटनाच्या मांडवाचे बांबू उतरवायला सांगितले. पुण्याला फोन करून म्हटलं, इमारत स्पर्धेतून काढून घेते. गृहस्थ कितीतरी वेळ कारण विचारत होते. सांगितलं नाही.

ह्यांना मात्र सगळं सांगितलं. हे गप्प बसले. मग म्हणाले, "कडूबाईंना सांगितलंस का?"

६ एप्रिल २०१९, पाडवा

उन्हं चढायच्या आत छत उतरवायला घेतलं. गवंड्याबरोबर मीही वर चढले. एकेक तुळई दोरानं खाली सोडली, बायकांनी खांद्यावर घेतली, वस्तीकडे नेली. कडूबाई खाली उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, "अशी बाई बघितली न्हाई बघा. स्वतःच्या हातानं उभं केलेलं माझ्यासाठी मोडायली." आणि मध्येच मला ओरडायच्या, "सावकाश, ताई! पडचाल!"

खाली उतरले की सांगते, असं ठरवलं होतं.

उतरले. त्यांनी चहा आणला. प्यायले. घरी आले.